कॉफी कुठे अडली?

बटण दाबलं, दिवा लागला, आतून घरघरही आली, पण कपात थेंब पडला नाही, की आपण लगेच म्हणतो, मशीन गेलं. वाशीम जिल्ह्यात तरी मी म्हणेन, आधी पाण्याकडे बघा.

रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आपल्या पायाखाली दक्खनचा काळा बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन खडकाच्या भेगांत मुरतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत राहतं. बोअरमधून वर येतं तेव्हा ते नितळ दिसतं. त्याचं जडपण कळतं ते स्वयंपाकघरात आणि मोरीत. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, तरी तुरीची डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. माणसाला सोसणारं हे पाणी मशीनमधल्या बोटापेक्षा बारीक नळीला मात्र जड जातं.

कारण तापलं की विरघळलेला वायू निघून जातो आणि चुना मागे राहतो. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच हा. साध्या ड्रिप मशीनमध्ये बहुधा पंप नसतोच. टाकीतलं पाणी एका छोट्या झडपेतून खालच्या नळीत उतरतं, तिथे उकळतं, आणि वाफेचे बुडबुडेच त्याला वर ढकलतात. नळी आतून अरुंद झाली की गुरगुर ऐकू येते, वाफ दिसते, पाणी चढत नाही. हा थर काही त्या सकाळी धरलेला नसतो. रोज थोडा थोडा साचत आलेला असतो आणि दोष मात्र अडलेल्या दिवसाला लागतो. घरातलं एखादं माणूस अचानक अबोल झालं की आपण असंच काल काय झालं तेवढंच शोधतो.

पेचकस हातात घेण्याआधी अडलंय कुठे ते बघावं. टाकी काढून पुन्हा नीट दाबून बसवा; तळाची स्प्रिंगची झडप उघडली नाही तर पाणी उतरतच नाही. मग कॉफी न घालता नुसतं पाणी सोडून बघा. ते नीट आलं, तर मशीन ठीक आहे, पूड फार बारीक आहे किंवा ठासून भरली आहे. पंपाच्या एस्प्रेसो मशीनची टाकी एकदा कोरडी पडली की पंपात हवा अडकते. वाफेचा नळ उघडा ठेवून पंप थोडा वेळ चालवला की ती निघते. मात्र अडलेल्या एस्प्रेसोची मूठ लगेच फिरवू नका. आत दाब असतो, गरम चोथा अंगावर उडतो. मशीन बंद करून पूर्ण निवू द्या.

एवढं करूनही पाणी येत नसेल, तर दोष चुन्याचा धरा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत त्याला पुरतं. लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे विरघळवून टाकीत घाला, अर्धं चालवा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, मग उरलेलं सोडा. खाली पांढरे कण पडताना दिसले की समजावं, वाट मोकळी होतेय. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या चालवून आंबटपणा घालवा. फरशीचं अ‍ॅसिड मात्र चुकूनही वापरू नका. ते अ‍ॅल्युमिनियमची नळी खातं आणि पोटात गेलं तर विष आहे.

पुढे टाकीत उकळून निवलेलं पाणी वरवरचं घालावं, तळाचा गाळ तसाच ठेवून. उकळताना बराचसा चुना पातेल्यातच बसतो, आणि पातेलं घासता येतं. आपल्याच विदर्भात, चिखलदऱ्याला, कॉफी पिकते. ती मिळाली तर या उकळून निवलेल्या पाण्यात एकदा करून बघा. जड पाण्यात दबणारा वास त्यात चांगला उमलतो.