तीच जीप?

दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या, आणि त्यांतल्या एकीलाही स्वतःची म्हणून ओळख असू नये, अशीच त्यांची रचना होती. १९४० साली अमेरिकन सैन्याने मागणी काढली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना उभा केला, विलीस-ओव्हरलँडचे २२०० सीसीचे दणकट इंजिन पसंत पडले आणि फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ खाचांची स्वस्त जाळी आणली. ती पुढे विलीसनेही उचलली. विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन नावांनी निघालेल्या या गाड्यांचे बहुतेक भाग एकमेकींना बसत. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, छोटासा ‘एफ’ उमटवत असे; पण आघाडीमागच्या दुरुस्ती तळांवर कोण तो बघत बसणार? एकीचे इंजिन दुसरीत, दुसरीची गिअरपेटी तिसरीत, असा सगळा कारभार. जीप कामातून गेली तर तिचे सुटे भाग घ्यायचे आणि पुढची चालू करायची. एखाद्या वस्तूला व्यक्तित्व मिळू नये म्हणून इतकी पद्धतशीर काळजी फार थोड्या वेळा घेतली गेली असेल.

आज तीच गाडी कुणी घरामागच्या शेडमध्ये उघडून बसतो आणि तिच्यातले ‘मूळ’ शोधू लागतो. ‘एफ’ असलेले बोल्ट मिळवण्यासाठी भंगाराची दुकाने पालथी घालतो. गंजलेला पत्रा बदलतो, इंजिनाचे बोअर करून घेतो, पाटे नवे बसवतो, वायरिंग सहा व्होल्टचे बारा व्होल्टचे करतो. काही वर्षांनी हिशेब मांडला तर जुन्यापैकी चासीचे दोन गज, एक्सलचे घर आणि डॅशबोर्डचा तुकडा एवढेच उरलेले असते. तरी तो म्हणतो, “ही तीच जीप.” हे म्हणणे खरे आहे का, आणि खरे असेल तर कशाच्या बळावर, हा प्रश्न मला केवळ छंदातला वाटत नाही. आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी तो चाकाच्या वाहनावरच घासून पाहिला आहे.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात सागल नगरीचा यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमके काय? दांडा, आस, चाके, सांगाडा? एकेक करून राजा सगळ्याला नाही म्हणतो, सगळ्यांच्या ढिगालाही नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. नागसेनाला हेच माणसाविषयी म्हणायचे होते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खराखुरा पदार्थ आहे आणि तो अवयवांमध्ये समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. पण या मताची शिस्त भलतीच कडक: कापडातून एक धागा काढला की जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे खंडपट जन्माला येते. या हिशेबाने बोल्ट बदलताच जीप नवी झाली आणि शेडमधल्या माणसाने एका मोसमात शेकडो जीपा बनवल्या! एकाच्या मते जीप नावापुरती आहे, दुसऱ्याच्या मते खरी आहे पण कुणी हात लावला की जाते. दोघांच्या युक्तिवादात खोट काढणे सोपे नाही, आणि तरी दुरुस्ती करणाऱ्याचा अनुभव दोघांच्याही हाती लागत नाही. कारण या युक्तिवादांत दोघेही वस्तूकडे एका क्षणी उभी असलेली म्हणून पाहतात. तिच्यावरून गेलेला काळ हिशेबात धरत नाहीत.

तो काळ पाहायचा तर जीपच्या तळाशी जावे लागते. युद्धकाळातल्या जीपच्या फरशीखाली बळकटीसाठी पत्र्याच्या नळ्यांसारख्या पट्ट्या होत्या आणि त्यांत लाकूड भरलेले असे. लाकडाने पाणी धरले, पत्रा आतून कुजला. मग कुणीतरी कधीतरी वरून जाड पत्र्याचा तुकडा गॅसने डागला. पुढच्याने त्यावर लांबी भरून रंग मारला. दरम्यान चासी ओझ्याने आणि खड्ड्यांनी एका बाजूला किंचित बसली. आता नवी बॉडी आणून त्या चासीवर ठेवली की बोल्टची भोके जुळत नाहीत. कारखान्याच्या मापाने बॉडी बरोबर आहे, आणि चासीही एके काळी बरोबर होती. फिटर कानसीने भोक लांबट करतो, एका कोपऱ्यात रबराची जास्तीची पॅकिंग घालतो, दरवाज्याच्या खाचेत पत्रा हातोडीने सरकवतो. नवा पत्रा जुन्या चासीच्या वाकाला शरण जातो. ती बॉडी आता दुसऱ्या कुठल्याही जीपवर सरळ बसणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की जीपचे स्वत्व या लांबट झालेल्या भोकात आहे. कारखान्यात ते तिला मिळाले नव्हते, मुद्दाम दिलेच नव्हते. झिजेने ते आणले आणि दुरुस्तीने पुढे नेले. प्रत्येक नवा भाग आला तेव्हा उरलेले जुने भाग हजर होते आणि त्याला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. पुढे ते जुनेही गेले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्यांना या ‘नव्या’शी जुळवावे लागले. अखेरीस मूळचा एक कणही उरला नाही तरी मूळचा वाक उरतो. नागसेनाच्या परंपरेला संतान, म्हणजे क्षणांची अखंड धार, ठाऊक आहेच. मी त्यात इतकीच भर घालीन की या धारेत एक भाग दुसऱ्याला केवळ जन्म देत नाही, त्याच्यावर अटी घालतो. नाव कुणीही देऊ शकतो. अट तशी कुणाला मनाने घालता येत नाही. ती कानस चालवताना हाताला कळते.

यावर शुद्धतावाद्यांची हरकत येणार. ते म्हणतील, झीज म्हणजे अपघात. गाडीचे खरे रूप ती कारखान्यातून निघाली त्या दिवशीचे, आणि जीर्णोद्धार म्हणजे तिथे परत जाणे. भारत सरकारचे २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियमही याच बाजूला झुकतात: पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. पण युद्धातल्या जीपला हा निकष लावून पाहा. १९४४ साली तळावर विलीसच्या चासीत फोर्डचे इंजिन पडले असेल, तर मूळ कोणते? कारखान्यातल्या दिवसाकडे परत जायचे तर त्या जीपने पाहिलेले युद्धच पुसावे लागते. आणि परत जाऊन हाती काय येते, तर सहा लाखांतली एक, जिला व्यक्तित्व नव्हते ती. शुद्धतावादी मोठ्या प्रेमाने गाडीला पुन्हा अनामिक करतो.

हा पेच फक्त गाड्यांचा नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थोपवण्यासाठी तिला वज्रलेप करावा लागला. त्या झिजेत शतकानुशतके पायांवर माथा टेकणाऱ्यांचा वाटा आहे. वज्रलेप करणाऱ्यांनी चेहऱ्याला नवे नाकडोळे कोरले नाहीत. आहे त्या रूपात मूर्ती टिकावी एवढेच पाहिले. २०२४ साली त्याच मंदिरात मात्र गाभाऱ्यातली अलीकडची फरशी आणि चांदीचे मढवण काढून जुना दगड मोकळा केला. एका ठिकाणी काळाची खूण राखली, दुसऱ्या ठिकाणी काळाची भर काढली, आणि मला दोन्ही योग्य वाटतात. फरशीने दगडाशी जुळवून घेतले नव्हते, त्याला झाकले होते. भाविकाच्या कपाळाने झिजलेले पाऊल ही मूर्तीचीच झालेली गोष्ट आहे. जुने ते सगळे राखा किंवा नंतरचे ते सगळे काढा, असा सरसकट नियम इथे चालत नाही. प्रत्येक थराला विचारावे लागते: तू खालच्याचे ऐकलेस का?

फळ्या एकेक करून बदलत गेलेले थीसिअसचे जहाज तेच राहते का, या जुन्या कोड्यावर तत्त्वज्ञ हॉब्जने जी कुरघोडी केली तिचेही उत्तर यातून मिळते. काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कुणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? जीपच्या बाबतीत हे कोडे नुसते कल्पनेतले नाही. काढून टाकलेले भाग विकले जातात आणि त्यांतून गाडी उभीही राहते. ती गाडी जुन्या लोखंडाची आहे, पण तिचे भाग एकमेकांना नव्याने भेटताहेत. तिचा इतिहास जुळणीच्या दिवशी सुरू होतो. तिलाही वाक येईल, पण तिचा स्वतःचा.

आता बदलांचे काय? आपल्याकडे जीपचा इतिहासच बदलांचा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीस जीपांची जुळणी सुरू केली, पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे बनू लागली, पेट्रोलच्या किमती वाढल्या तशी खेडोपाडीच्या जीपांतली पेट्रोल इंजिने निघून डिझेल बसली, मागे आडवी बाकडी टाकून त्यांतून वडाप चालले. यातले काहीच विलीसच्या टोलेडोच्या कारखान्याला अपेक्षित नव्हते. तरी डिझेल इंजिन बसवणारा चांगला मिस्त्री काय करतो ते पाहण्यासारखे आहे. इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे वाढवतो. थरथर जास्त, म्हणून माउंटिंग बदलतो. वेग आणि ओझे वाढले, म्हणून ब्रेककडे वळतो. नवा पाहुणा घरातल्या सगळ्यांशी बोलून मग बसतो. याउलट नव्या बोलेरोची चासी घेऊन तिच्यावर जुन्या जीपसारखा पत्रा चढवला, तर गाडी कदाचित जास्त चांगली धावेल, पण तिथे जुन्याने नव्याला एकही अट घातलेली नाही. ते जीपचे सोंग आहे. सोंगाला माझी ना नाही, भारूडात सोंगानेच खरे बोलता येते; फक्त त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. डिस्क ब्रेकने भागांशी जुळवून घेतले असेल तर शंभर टक्के मूळ पण न थांबणाऱ्या गाडीपेक्षा तो मला जवळचा वाटतो. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या जिवाची अट कुठल्याही बोल्टच्या अटीहून मोठी आहे.

सगळ्यात गंभीर हरकत धर्माकडून येते. गंजक्या लोखंडावर एवढा जीव लावणे हा मोहच नाही का? गीतेने आसक्ती सोडायला सांगितली, जैनांनी अपरिग्रह व्रतात घातला, नागसेनाने तर रथाचे तुकडे केले तेच ‘माझे’पण सैल व्हावे म्हणून. ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. घरोघरच्या शेडमध्ये मोह भरपूर असतो. चकचकीत रंगाखाली मालकाचा अहंकार दिसतो, आणि चार अर्धवट जीपा अंगणात कुजत ठेवून पाचवी आणणारा माणूस कुठल्याही अर्थाने अपरिग्रही नाही. पण झिजेच्या बाजूने काम करणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही: गाडी त्याच्या मनासारखी होत नाही. भोक जुळत नाही, कुणी पूर्वी केलेला डाग निघत नाही, आणि त्याला आपल्या आवडीला मुरड घालून तिच्या वाकाप्रमाणे काम करावे लागते. आसक्तीत वस्तू आपल्यासारखी व्हावी अशी ओढ असते. इथे काम उलट्या दिशेने चालते. खंडेनवमीला आपण पाना, जॅक आणि गाडीला फुले वाहतो, तीही आपल्या उपयोगाची वस्तू एक दिवस बाजूला ठेवून. आणि ज्या परंपरेने जीर्णोद्धार शिकवला तिनेच गणपतीचे विसर्जनही शिकवले. जिची चासीच भुगा होऊन हातात येते, जिच्यात जुळवून घेण्यासारखे काही उरलेलेच नाही, ती जीप सुटे भाग म्हणून दुसऱ्या जीपांना द्यावी. तळावरच्या मेकॅनिकचा तेवढा शहाणपणा घ्यायला हरकत नाही.

राहता राहिला नंबर. विलीसच्या चासीवर तो रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असे, फोर्डच्या चासीवर थेट लोखंडात ठोकलेला. जुन्या जीपांच्या व्यवहारात मेलेल्या गाडीचे कागद वेगळे फिरतात आणि तिचा नंबर भलत्याच गाडीच्या अंगावर उमटतो. हा गुन्हा आहे, आणि माझ्या हिशेबाने खोटेही, कारण तिथे नाव राहिले आणि अटींची साखळी तुटली. अवघड उदाहरण उलट बाजूचे आहे. बॉडी, एक्सल, इंजिन सगळे वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळत आलेले, आणि शेवटी चासीच बदलावी लागली, अगदी प्रामाणिकपणे, जुन्या बॉडीच्या भोकांना जुळवून. मी तिला तीच जीप म्हणेन. कायदा म्हणणार नाही: गाडीतल्या फेरफारांविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्या लेखी उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीत उतरलेला तपशील हीच गाडीची ओळख. इथे माझे आणि कायद्याचे जमत नाही. पण आरटीओतल्या माणसाला लांबट भोके वाचता येत नाहीत, नंबर वाचता येतो. आणि चोरीच्या गाड्यांचा धंदा पाहता त्याने नंबरच वाचावा हे बरे.