खरेदीची फाइल कुठे संपते?

वस्तू ताब्यात आली, देयक मंजूर झाले, की सरकारी खरेदीची फाइल बंद होते. वस्तू किती टिकेल, मोडल्यास कोण दुरुस्त करील, निकामी झाल्यावर कोण परत नेईल, हे चक्रीय खरेदीतले प्रश्न मात्र निविदा काढण्याआधीच विचारायचे असतात.

अकोले तालुक्यातील राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या अखत्यारीतील शासकीय आश्रमशाळांत मुले राहून शिकतात; त्यामुळे पलंग, गाद्या, बाके लागतातच. अशा सामानाची नोंद जडवस्तूसंग्रह नोंदवहीत होते. वेल्डिंगच्या दोन टाक्यांत उभा राहील असा लोखंडी पलंगही एकदा ‘निकामी’ ठरला की निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी, लिलाव या वाटेला लागतो. तोवर तो कुठल्यातरी खोलीत गंजतो आणि मुलासाठी नव्या पलंगाची मागणी वर जाते.

हे निष्काळजीपणामुळेच घडते असे नाही. खरेदीची सारी शिस्त गैरव्यवहाराच्या धास्तीतून घडली आहे. आदिवासी विकास विभागातील २००४ ते २००९ या काळातील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी २०१४ मध्ये न्या. गायकवाड समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. दरम्यान २०१६ मध्ये केंद्राचे सरकारी खरेदीसाठीचे जेम पोर्टल सुरू झाले आणि १ डिसेंबरला राज्याची खरेदी नियमपुस्तिका निघाली. पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक वस्तूंचे पैसे थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. पैसा गळू नये हा या सगळ्यामागचा हेतू रास्तच होता. पण रेनकोट घरोघरी सुटा विकत घेतला जातो, तेव्हा तो परत घेण्याची अट घालायची कोणाला?

न्यूनतम दराचा पलंग दोन वर्षांत मोडला तर सहसा लेखाआक्षेप निघत नाही. महाग पण टिकाऊ पलंग घेणाऱ्याला मात्र खुलासा द्यावा लागतो. म्हणून सावध कर्मचारी स्वस्तच निवडतो, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. जुनी वस्तू देऊन नवी घेण्याची सोय केंद्राच्या २००५ च्या वित्तीय नियमांतही होती. २०२१ मध्ये केंद्राने दरासोबत गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा वाढवली, पण ती बांधकामे आणि सल्लागारेतर सेवांपुरती. नियम थोडे सैल झाले, भीती तशीच राहिली.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली चक्रीय खरेदीचा करार झाला, तेव्हा सहभागी संस्थांनी आधी मोजक्या प्रायोगिक खरेद्या हाती घेतल्या. चुकण्याला तिथे वाव ठेवला होता, हे त्यातले खरे महत्त्वाचे.

राजूरसारख्या कार्यालयात अशी सुरुवात एकाच वस्तूपासून होऊ शकते. पलंगाचे तपशील ठरवताना तो रोज वापरात पाहणाऱ्या आश्रमशाळेच्या अधीक्षकांना विचारावे, निविदेतच काही वर्षांच्या दुरुस्तीचा दर मागवावा, आणि लेखापरीक्षणात खरेदीच्या दराबरोबर वापराच्या प्रत्येक वर्षामागे किती खर्च पडला हेही तपासावे.