प्लायवूडचं देऊळ

खोट्यापुढं हात जोडावेत का, हा प्रश्न पडलेल्या तत्त्वज्ञानं गणपतीत आमच्या भिवंडीला यावं. दहा दिवसांसाठी इथं नाक्यावर देऊळ उभं राहतं. खांब प्लायवूडचे आणि दगड म्हणाल तर नुसता रंगाचा. मागच्या बाजूला गेलात तर बांबू, सुतळी आणि विडी ओढत बसलेला सुतार. तरी पुढून येणारा प्रत्येक जण चप्पल काढतो. चप्पल मात्र खरी असल्यामुळं एक डोळा तिच्यावर ठेवून उरलेल्या डोळ्यानं दर्शन घ्यावं लागतं.

मी बँकेतला कारकून. खरी नोट आणि खोटी नोट वेगळी करण्यात माझा जन्म चालला आहे. पण नोट उजेडात धरून बघता येते, देऊळ कसं धरणार?

सिनेमावाल्यांनी तर हा उद्योग फारच वाढवला. के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’साठी मुंबईच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल बांधला. लांबी १५० फूट, रुंदी ८०, उंची ३५. काच बेल्जियमची, काम दोन वर्षांचं, आणि हे सगळं एका नाचासाठी! (दोन वर्षांत आमच्याकडं एखादं कर्जप्रकरण मंजूरही होतं.) गंमत म्हणजे पैसा घालणारे शापूरजी पालनजी हे खऱ्या इमारती बांधणारे. फोर्टातल्या कित्येक बँकांच्या इमारती त्यांच्याच कंपनीच्या. पण बँकेची इमारत बघायला सहकुटुंब कोण जातं? १९६० साली पडद्यावर आलेला शीशमहाल मात्र लोकांच्या डोळ्यांतून अजून उतरलेला नाही. ‘बाहुबली’ची (२०१५) माहिष्मती तर हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटीत उभारलेली. कधीच नसलेल्या राज्याच्या राजवाड्यापुढं माणसं तिकीट काढून फोटो काढून घेतात.

मग ही फसवणूक म्हणायची का? मला नाही वाटत. फसवणुकीला फसणारा लागतो. इथं बांधणाऱ्याला ठाऊक, बघणाऱ्याला ठाऊक. सेट एवढंच म्हणतो, ‘बाबा रे, मला बघ, पण माझ्यावर रेलू नकोस.’

उलट २१ सप्टेंबर २०२० ची पहाट आठवा. आमच्याच भिवंडीत, पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. ती काही सिनेमासाठी बांधलेली नव्हती. ती माणसांना सांगत होती, ‘निवांत झोपा.’

म्हणून माझा हिशेब असा, की खोटेपणा मालात नसतो, दिलेल्या शब्दात असतो. चेक तरी काय, कागदाचाच की! खात्यात शिल्लक असली तर तो खरा. सेटनं लिहिलेला चेक लहान रकमेचा असतो : एका गाण्याचा, दहा दिवसांच्या देवाचा. तो बिनबोभाट वटतो. घराचा चेक मात्र तीन पिढ्यांच्या झोपेचा असतो, आणि शिल्लक बघायला कोणी जात नाही.

हल्ली सोसायटीच्या सभेत ‘बाहेरून रंग काढू, बिल्डिंग नवी दिसेल’ असं कोणी म्हणालं, की मी आधी खांब तपासून घेण्याची सूचना मांडतो. तिला अनुमोदक अजून मिळायचा आहे. रंगाची छटा ठरवायला मात्र सात जणांची समिती झाली आहे.