साचा आणि सांधा

औंढा नागनाथाच्या देवळाचे खालचे दगडी थर जो निवांतपणे निरखील त्याच्या ध्यानात येईल, की ज्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो तिच्यात चिऱ्याला चिरा चुन्याने चिकटवलेला नसतो; दोन चिरे जेथे एकमेकांना भिडावयाचे तेवढी बाजू पाथरवटाने अशी नेमकी घडवलेली असते, की वरचा भारच त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. दर्शनी अंगावर मात्र त्याच पाथरवटाची छिन्नी मोकळी सुटलेली दिसते, आणि हत्तींपासून देवदेवतांपर्यंत कोणतीही आकृती शेजारच्या आकृतीसारखी करण्याचे बंधन त्याने मानलेले दिसत नाही. वरचा भाग पुढे अहिल्याबाई होळकरांच्या काळी नव्याने उभारला गेला, व त्याची जात निराळी हे दुरूनही कळते. मला येथे खालच्या थरांशीच कर्तव्य आहे. कारण ज्याच्या नावाने ही बांधणी ओळखली जाते तो हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे साऱ्या दफ्तराचा मुख्य अधिकारी होता, आणि राज्याचा कारभार एका शिस्तीत बसवणाऱ्या याच गृहस्थाने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा अवाढव्य ग्रंथही रचला. पत्र कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, हिशेब कसा मांडावा, हे ठरवून देणारे मेस्तक परंपरा त्याच्याच नावावर सांगते. मोडी लिपी रूढ केल्याचे श्रेयही तिने त्यालाच देऊन टाकले आहे. (परंपरा अशी उदार असते, तिला एकदा कर्तबगार कारभारी सापडला, की बाजरीसुद्धा त्यानेच आणली असे ती सांगू लागते.)

एकाच डोक्यात व्रतांचे विधी आणि जमाखर्चाचे नमुने सुखाने नांदत होते, ही गोष्ट मला अपघाताची वाटत नाही. पूजेच्या आरंभी सोडावयाचा संकल्प पाहा: देश, काल, गोत्र आणि नाव एवढ्या जागा रिकाम्या ठेवून बाकीचे सारे शब्द शास्त्राने ठरवून दिलेले असतात, आणि यजमान लक्षाधीश असो वा हातावर पोट असलेला असो, त्या रिकाम्या जागांपलीकडे त्याच्या लहरीला वाव नसतो. विधी म्हणजे कर्त्याच्या लहरीतून कर्माची केलेली सुटका होय. परंतु येथेच तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न उभा राहतो, तो असा की, सर्वांचे रूप सारखे केल्याने सारे एक होतात काय. आणि होत नसतील, तर त्या सारखेपणाचे प्रयोजन कोणते? गावोगावच्या पंचायतींनी व नगरपंचायतींनी संगणक एकाच जातीचे घ्यावेत, त्यांवर प्रणाली एकच चालवावी आणि खर्चाला आळा घालावा, हे जे धोरण आज राज्यकारभारात सर्वमान्य होत चालले आहे, त्याचा विचार मी या प्रश्नाच्या अंगाने करू इच्छितो.

या मुलखाने साचे पुष्कळ पाहिले आहेत. औंढे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथे महसुलाचे दफ्तर उर्दू-फारसीत, गावकीचे पुष्कळसे कागद मोडीत, आणि बाजारात हाली सिक्का, ज्याचे सात रुपये दिले की इंग्रजी राज्याचे सहा कलदार रुपये पदरात पडत. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि तलाठ्याच्या बस्त्यात सातबारा व त्याचे भाईबंद असलेले गाव नमुने येऊन बसले. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा दफ्तराचीही वाटणी झाली. प्रत्येक स्थित्यंतराची किंमत कोणीतरी मोजलीच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधावयाच्या होत्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधण्यापासून आरंभ करावा लागला. साचा बदलताना जुन्या साच्याची किल्ली जपून ठेवली नाही, तर तीन पिढ्यांनंतर तिचे बिल असे येते.

संगणकाच्या बाबतीत हा काळ पिढ्यांवरून वर्षांवर आला आहे. २०११ साली ग्रामपंचायतींसाठी ‘संग्राम’ हा प्रकल्प आला, २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ने घेतली, २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारचे ‘ई-ग्रामस्वराज’ आले. दर वेळी नवी प्रणाली, नवा संकेतशब्द, नवे प्रशिक्षण, आणि केंद्रचालकाच्या मानधनापोटी पंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीला लागणारी कात्री. कोणत्याही मध्यम पंचायतीचे कपाट उघडले तर या इतिहासाचे थर दिसतात: पडदा काळा पडलेला एक संगणक, ज्याचे टोनर आता जिल्ह्याच्या गावीही मिळत नाही असा एक प्रिंटर, आणि निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहत जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत अद्याप ‘चालू’ असलेली बॅटरी. टेबलाशी बसलेला ऑपरेटर नमुना आठची आकारणी जुन्या फाइलीतून उचलून नव्या चौकटीत टाकतो, तेव्हा मालकाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी उमटते. कारण जुनी नोंद एका खासगी कंपनीच्या फाँटमध्ये केलेली, आणि नवी चौकट युनिकोडशिवाय काही ओळखत नाही. युनिकोड हे भारत सरकारने २००९ सालीच ई-प्रशासनाचे मानक ठरवले होते. त्या दिवसापासून ते पाळले गेले असते, तर एकेका घराची नोंद पुन्हा हाताने टंकण्याची मजुरी वाचली असती.

म्हणून एकरूपतेचा आग्रह धरणाऱ्यांना केवळ कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. साऱ्या तालुक्याने एकाच जातीची यंत्रे घेतली तर भाव उतरतो, सुटे भाग एकमेकांना लागतात, देखभालीला एकच माणूस पुरतो, आणि बदलून आलेल्या ग्रामसेवकाला पहिल्या दिवसापासून काम उमगते. पण हिशेबापेक्षा खोल असे एक कारण आहे. आपल्या धर्मशास्त्राने देवस्वाचा अपहार हे घोर पाप मानले. शिलाहार-यादवांच्या काळी दानाची जमीन हिरावणाऱ्याला असभ्य शाप देणारे गद्धेगाळ शिवारात उभे केले जात. लेखापरीक्षकाच्या आक्षेपापेक्षा तो दगड अधिक परिणामकारक होता किंवा नव्हता, याचा निवाडा मी करीत नाही. परंतु मोलमजुरी करून भरलेली घरपट्टी आणि दानपेटीत टाकलेला रुपया एकाच घामातून येतात, हे मान्य केले, की पंचायतीच्या पैशालाही देवस्वाचेच सोवळे लागू होते, आणि आवडीचे, झगमगीत, शेजारच्या पंचायतीहून निराळे यंत्र विकत घेण्याचा मोह हा परिग्रहाचाच एक प्रकार ठरतो.

एकरूपतेचे याहूनही मोठे प्रयोजन औंढ्याच्या शिवारातच आकार घेत आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा येथे उभी राहावयाची असून तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या काटकोनात पसरणाऱ्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, म्हणजे अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील तिच्या बहिणींच्या मापाच्याच असावयाच्या. यंत्रे सारखी का हवीत? कारण ती सारखी असली म्हणजे एका ठिकाणी लहर किती क्षणांनी आधी पोचली आणि दुसरीकडे किती उशिरा, हा फरक नीट ताडून पाहता येतो, व आकाशातील तिचे उगमस्थान शोधणे सोपे जाते. यंत्रांत एकरूपता आणायची ती स्थानांचा भेद वाचता यावा म्हणून. पंचायतींचे हिशेब एका नमुन्यात असावेत तेही याचसाठी, की एका गावाची पाणीपट्टी का थकते आणि शेजारच्या गावाची का थकत नाही, हे दिसावे. जो साचा भेद दाखवण्याऐवजी तो पुसून टाकतो, गावोगावची उत्तरे सारखी यावीत म्हणून प्रश्नच छाटून टाकतो, त्याने मापनाचा धर्म सोडला.

आता दुसरी बाजू. नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाते, आणि तेही याच जिल्ह्यात. नामदेव औंढ्याला आले तेव्हा विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी रागावून पाय काढावयास सांगितले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तेथे उचलून ठेव. आणि नामदेवांनी जेथे जेथे पाय ठेवले तेथे तेथे पिंडी उभी राहिली. या कथेतील अद्वैत सर्वांना पाठ आहे. मला ती वाचताना, थोड्या अवमर्यादेचा दोष पत्करून सांगतो, सरकारी काटकसरीची आठवण होते. कार्यालयाने खर्च आपल्या माथ्यावरून उचलला की तो नाहीसा होत नाही. तो जेथे ठेवावा तेथे उगवतो. आधारवरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव यांत एका ‘राव’चा फरक पडल्याने प्रणाली अर्ज नाकारते, मग तो शेतकरी मजुरी बुडवून तालुक्याला जातो, टायपिंगवाल्याला पैसे देतो, आणि तेथून पुन्हा सोमवारी या असे ऐकून परततो. वाचलेली रक्कम पंचायतीच्या ताळेबंदात दिसते, आणि खर्च झालेली कोठल्याच नमुन्यात नोंदली जात नाही. कष्टाने अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हातारीला यंत्र ओळखत नाही, तेव्हा चूक अंगठ्याची ठरते.

आणि याच औंढ्याची दुसरी कथा आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठवून मागच्या बाजूस जाण्यास फर्मावले गेले. ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. नंदी आजही देवाच्या पाठीमागे आहे. शिवालयात पिंडी, नंदी, प्रदक्षिणा या सर्वांचा क्रम ठरलेला असतो. येथे भक्तासाठी देवाने तो क्रम मोडला, आणि पुढल्या पिढ्यांनी नंदी उचलून ‘योग्य’ जागी नेला नाही, यातच मला त्या परंपरेचे शहाणपण दिसते. देवाला जे जमले ते संगणकप्रणालीला आपोआप जमणार नाही. तिच्याभोवतीच्या माणसांना ते करावे लागेल, आणि तसे करण्याचा अधिकार त्यांच्यापाशी ठेवावा लागेल.

जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ साली ठरवून सुमारे पंधरा हजार संगणक एका मोठ्या कंपनीच्या प्रणालीवरून मुक्त प्रणालीवर नेले, आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला. दोन्ही वेळा बोलणे खर्चाचे आणि सोयीचेच होते. वाद यंत्र कोणते यावर रंगला. नोंदी कोणत्या रूपात साठवाव्या, म्हणजे यंत्र बदलले तरी त्या वाचता येतील, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. पाथरवट सांध्याचा हा प्रश्न आधी सोडवतो. म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्याने निविदा काढताना यंत्राच्या जातीपेक्षा सांध्यांवर भर द्यावा: लिपी युनिकोडच असावी, करार संपताच सर्व नोंदी कोणत्याही प्रणालीत वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात पंचायतीच्या हाती परत याव्यात, आणि ज्याचे नाव किंवा अंगठा साच्यात बसत नाही त्याचा अर्ज ग्रामसेवकाने स्वतःच्या सहीने कागदावर स्वीकारावा. या शेवटच्या कलमाला पैसे लागतील. ते अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली उघडपणे दाखवावेत. लेखापरीक्षक आक्षेप घेईल, आणि त्याचे उत्तर ग्रामसभेने ठरावानिशी द्यावे.