दोन बोटांचं अंतर

पुण्यातल्या एका मुलीला तिच्या चुलत दादाने आपली सायकल दिली. तो नोकरीसाठी बाहेरगावी निघाला होता. सायकल चांगली रोडबाइक होती, हलकी, खाली वळलेल्या हँडलची, जिवापाड जपलेली. "नुसती जिन्याखाली ठेवू नकोस, चालव," एवढंच तो म्हणाला. मुलीने त्याच रात्री ठरवून टाकलं, यंदा २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायचीच. तीही साडेतेरा तासांच्या आत.

दर रविवारी पहाटे पाचला ती एका गटाबरोबर निघू लागली. कात्रजचा जुना घाट चढायचा, बोगदा ओलांडून खेड शिवापूरला उतरायचं, चहा प्यायचा आणि परत. पहिले दहा किलोमीटर मजेत जायचे. मग मान आखडायची, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध कळ यायची. शेवटी करंगळी आणि अनामिका बधिर व्हायच्या. घरी आल्यावर चहाचा कप धरला, तरी त्या दोन बोटांना तो गरम लागायचा नाही.

तिने गटातल्या एका अनुभवी काकांना विचारलं. ते म्हणाले, "नवीन आहेस, सवय होईल. आपल्या नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी करून आले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४८०० किलोमीटर! त्यांना काय कमी सोसावं लागलं असेल?" मुलगी वरमली. चाळीस किलोमीटरमध्ये कुरकुर करणारी आपणच कच्ची, असं तिला वाटलं.

घरी आईपाशी विषय काढला. आई ओट्याशी कणीक मळत होती. "सवय होते गं," ती म्हणाली. "माझा उजवा खांदा पंधरा वर्षं दुखतोय. आता तर जाणवतही नाही." एवढं बोलून हात धुतले आणि खांद्याला बाम चोळायला बसली.

मुलगी सवय करून घ्यायला लागली. जेलचे जाड हातमोजे आणले. हँडलवर टेपचा दुसरा थर गुंडाळला. मनगटांना बळ यावं म्हणून रोज जोर काढू लागली. तरीही बोटं बधिर होतच राहिली. मग तिने स्वतःच एक युक्ती केली. हँडल लांब पडतंय तर आपणच पुढे सरकावं, म्हणून सीट दोन सेंटिमीटर पुढे घेतली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून गुडघा समोरच्या बाजूने दुखायला लागला.

आणि मग तो रविवार आला. परतीच्या वाटेवर कात्रज घाट उतरताना एका वळणावर वासरू आडवं आलं. तिने ब्रेक दाबला खरा, पण किती दाबला हे बोटांना कळेचना. सायकल वासरापासून हातभर अंतरावर थांबली. वासरू शांतपणे निघून गेलं. मुलगी मात्र कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ उभी राहिली. पाय लटपटत होते. सवय झालीच होती तिला, बोटं बधिर असण्याची. आणि त्या सवयीनेच आज घात केला असता.

पुणं सायकलींचं शहर होतं, त्या काळापासून एका पेठेत एक लहानसं दुकान टिकून आहे. दारात पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, आत सोल्युशनचा वास, भिंतीवर टांगलेल्या रिमा. तिथले मिस्त्रीकाका सत्तरीच्या पुढचे. मुलगी त्यांना म्हणाली, "काका, माझे हात कमजोर आहेत. काही इलाज होईल का?"

काकांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "गल्लीत दोन फेऱ्या मारून ये. मी इथून बघतो."

ती आल्यावर त्यांनी हँडलवर बोट ठेवलं. "हे बघ. वरच्या सरळ भागावरची टेप मळून काळी झालीय. ब्रेकच्या मुठींवरचं रबर मात्र नव्यासारखं आहे. म्हणजे जिथे हात असायला हवेत तिथे ते जातच नाहीत. उतारावर नाइलाजाने जातात, तेव्हा कोपर ताठ होतात, रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ खांद्यात जातो. अंगाचा भार तळव्यावर येतो. करंगळीच्या बाजूला तळव्याच्या बुडाशी एक नस आहे, ती दबली की नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. हात कमजोर नाहीत बाळा, त्यांना लांब ओढलं जातंय."

"मी सीट पुढे घेतली होती," मुलगी म्हणाली.

"तिथेच चुकलं. सीट पायांच्या हिशोबाने बसवायची, हँडल हातांच्या. हातांचं दुखणं तू सीटवर ढकललंस, म्हणून गुडघा बोलायला लागला."

त्यांनी तिला भिंतीचा आधार देऊन सायकलवर बसवलं. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवायला लावली. पाय सरळ झाला, म्हणजे सीटची उंची बरोबर. मग दोन्ही पेडल एका रेषेत आडवे करायला सांगितले, दोरीला जड नट बांधून ओळंबा केला आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीपासून सोडला. तो पेडलच्या आसाच्या बराच पुढे पडत होता. काकांनी सीट मागे, पहिल्या जागी नेली. ओळंबा आसावर आला.

"आता तर हँडल आणखी लांब गेलं," मुलगी घाबरून म्हणाली.

"गेलंच. आता खरं अंतर दिसलं. ते झाकून दुरुस्त कसं करणार?"

फ्रेमला हँडलशी जोडणाऱ्या आखूड दांड्यावर, स्टेमवर, ११० हा आकडा होता. दादा तिच्याहून तीन इंचांनी उंच, हातही लांब. त्याला तो बरोबर होता. काकांनी पत्र्याच्या डब्यातून ८० मिलिमीटरचा वापरलेला स्टेम शोधून काढला. दोन्ही शेजारी धरून दाखवले. फरक तीन सेंटिमीटर, जेमतेम दोन बोटं.

"एवढ्याने होईल?"

"फ्रेमच मोठी असती तर नसतं झालं. मोठी फ्रेम स्टेमने लहान होत नाही, तेव्हा सायकलच बदलावी लागते. पण तुझी गोष्ट तेवढ्यावर गेलेली नाही."

त्यांनी जुना स्टेम उतरवला. दादाने हँडल खाली राहावं म्हणून दोन कड्या स्टेमच्या वर टाकल्या होत्या, त्या खाली घेतल्या. हँडल तेवढं उंचावलं. वरच्या टोपीचा स्क्रू फोर्कची हालचाल निघेल इतकाच आवळला. मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे दोन बोल्ट कसले. पुढच्या पट्टीचे चार बोल्ट तिरके, एकाआड एक, थोडे थोडे करत, स्टेमवर छापलेल्या आकड्याच्या पुढे न जाता. पट्टीची फट वर आणि खाली सारखी आहे ना, हे वाकून पाहिलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली. कुठे 'टक' झालं नाही. शेवटी ब्रेकच्या दांड्यांमधला बारीक स्क्रू फिरवून त्या तिच्या बोटांच्या टप्प्यात आणल्या.

"हँडल आता थोडं चपळ वळेल. आधी मोकळ्या मैदानावर चालव. आणि मुठींवर हात ठेवून हार्मोनियम वाजवल्यासारखी बोटं हलवून बघ. हलली, तर भार हातांवर नाही."

पैसे देताना मुलीने विचारलं, "काका, पण सगळे म्हणतात सोसायला शिक. लांब जायचं तर दुखणारच ना?"

काकांनी जुना स्टेम वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हाती दिला. "दमणं वेगळं, दुखणं वेगळं. दमलीस तर झोप काढ, उद्या ताकद वाढलेली असेल. पण रोज त्याच वेळी, त्याच जागी दुखत असेल, तर ते काहीतरी सांगतंय. त्याला गप्प बसवू नकोस. आणि हा जपून ठेव. दादा परत आला तर त्याचं माप त्याला बसवून देऊ. स्टेम वाईट नव्हता, तुझा नव्हता."

पुढच्या रविवारी घाट तितकाच उभा होता. मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यांत गेला. पण उतारावर ब्रेकची दांडी तिच्या बोटांना नीट कळत होती. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला, तर करंगळीला चटका बसला. ती हसली.

आणि हसता हसता तिची नजर आईवर गेली. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. टाचा किंचित उचललेल्या, खांदे कानांकडे चढलेले, कोपर बाहेर फेकलेले. आईची उंची पाच फुटांहूनही कमी. ओटा घर बांधणाऱ्याने चौतीस इंचांवर घातलेला, सगळ्यांना चालेल म्हणून. मुलगी उठली. आईचा हात कोपरात दुमडला आणि ओट्यापासून कोपरापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. लाटताना हात खाली दाबायला जागाच उरत नव्हती.

संध्याकाळी ती सुताराकडे गेली. ओट्यापुढे उभं राहायला ओट्याच्या लांबीची, चांगली रुंद, न डगमगणारी फळी बसवून घेतली. उंची काही फार नव्हती, दोन बोटं.

आईने आधी नको म्हटलं. "आता या वयात काय गं! माझी सवय झालीय." पण मुलीने हात धरून तिला फळीवर उभं केलं. आईने पोळपाट पुढे ओढला, लाटणं फिरवलं. एक पोळी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पोळीला ती मध्येच थांबली. उजवा खांदा हळूच खाली सोडला, पुन्हा वर नेला, पुन्हा सोडला.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "माझा खांदाच खराब आहे."

तात्पर्य : रोज त्याच जागी दुखत असेल, तर अंगाला दोष देण्याआधी माप तपासावं. चूक जिथे असेल तिथेच दुरुस्त करावी. ती झाकायला जे बरोबर आहे ते सरकवू नये. आणि आपलं माप जुळलं की घरात आणखी कोण टाचा उचलून उभं आहे, तेही बघावं.