सन्मान आणि सम्यक वाचा



शरद ऋतू आला की इथल्या अमेरिकन विद्यापीठांत 'होमकमिंग' भरते. श्रद्धेच्या बळावर शांततेचे आणि सेवेचे काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा तिथे सत्कार होतो. यंदा असे निमंत्रण वाचताना मला ५ जून १९५२ हा दिवस आठवला. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठाने त्या दिवशी एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. तो गौरव राज्यघटनेच्या कामाचा आणि मानवी हक्कांच्या लढ्याचा होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्म दिला.

बाबासाहेबांची शांतता म्हणजे गप्प बसणे नव्हे. १९२७ साली महाडला त्यांनी हात उगारला नाही, पण तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

मी मात्र गप्प बसलो. ऑफिसात जेवताना एका देशबांधवाने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" मी विषय बदलला. त्या रात्री त्रिशरण म्हणताना आवाज अडखळला. ज्याला मी शांतता समजत होतो, ती भीती होती.

सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे, तर मैत्रीभाव राखून खरे बोलणे. तुम्हाला कोणी असे विचारले तर न रागावता सांगा, "आम्ही बौद्ध, बाबासाहेबांची लेकरे." मीही सांगेन. मग कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयातल्या त्यांच्या अर्धपुतळ्यासमोर आपली नजर खाली जाणार नाही.

भवतु सब्ब मंगलं!