कुठं फिरतंय, कुठं घासतंय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वस्तादांचं गॅरेज होतं. आजूबाजूला लेथची घरघर दिवसभर चालायची आणि बुलेटपासून टेम्पोपर्यंत काहीही दुरुस्तीला यायचं. हाताखाली सदा नावाचा पोरगा होता. हात चपळ आणि कामाची हौस दांडगी. खोड एकच, सांगितलेलं लगेच पाठ व्हायचं, पण ते का सांगितलं हे विचारायचं राहून जायचं.

गॅरेजच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं बीएमडब्ल्यूची जुनी आर ७५/५ होती. १९६९ ते १९७३ या काळात बर्लिनमध्ये बनलेलं हे मॉडेल. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे बाहेर आलेले, आणि मागच्या चाकाला चेन नाहीच. गिअरबॉक्सपासून निघालेला शाफ्ट लोखंडी नळीतून मागं जातो, तिथल्या फायनल ड्राइव्हमध्ये ताकद काटकोनात वळते आणि चाक फिरतं. १९२३ साली या कंपनीची पहिली मोटरसायकल आली तीही शाफ्टचीच होती. सदाला या गाडीचं भारी कौतुक. चेन नाही म्हणजे चेनला तेल नाही, ताण बघणं नाही, कटकटच नाही, असं त्याचं ठाम मत.

एकदा वस्ताद गावाला गेले असताना डॉक्टर मागचा टायर बदलायला गाडी घेऊन आले. सदानं एक्सल ओढला, चाक बाजूला सरकवलं. चाकाच्या हबमधले दाते आणि फायनल ड्राइव्हचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात. याच स्प्लाइनमधून इंजिनाची सगळी ताकद चाकात उतरते. दाते कोरडे पडले होते. सदा दुकानात गेला आणि सगळ्यात महागडं ग्रीस घेऊन आला. निळंशार, चिकट, डब्यावर ज्वाळांचं चित्र, साध्या ग्रीसच्या तिप्पट भाव. जुनी घाण पुसायची तसदी न घेता त्यानं मूठभर ग्रीस दात्यांत थापलं आणि चाक बसवलं. कमी पडायला नको, हा हिशोब.

पावसाळाभर डॉक्टर त्या गाडीवरून गगनबावड्याला जात-येत राहिले. दसऱ्याच्या सुमारास परत आले ते तक्रार घेऊनच.

“वस्ताद, मागचा ब्रेक लागतच नाही. आणि ॲक्सिलेटर सोडला की मागून खट्‌ असा आवाज येतो.”

वस्तादांनी गाडी स्टँडवर घेतली, गिअर टाकला आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवलं. चाक बोटभर मोकळं हललं. मग त्यांनी सदाला चाक उतरवायला लावलं.

ब्रेकचा ड्रम त्या दात्यांना लागूनच असतो. आत बघितलं तर दोन्ही ब्रेक शू निळ्या ग्रीसनं माखलेले. चाकाच्या गरगरीनं जास्तीचं ग्रीस बाहेर फेकलं गेलं होतं. आणि जिथं ते असायला हवं होतं त्या दात्यांवर थेंबभरही ओल नव्हती. तिथं होती तांबूस-तपकिरी पूड.

वस्तादांनी ती चिमटीत घेऊन सदाच्या तळहातावर ठेवली. “चोळ बघू.”

सदानं चोळली. खरखरली.

“हे काय हाय?”

“गंज, वस्ताद. पावसाचं पाणी गेलं असणार.”

“गंजच. पण पाण्यानं एवढा धरत नाही. हे दात्यांचं लोखंड हाय, घासून निघालेलं. त्याचा गंज झाला आणि तोच आता पॉलिश पेपरागत उरलेले दाते खातोय.”

त्यांनी सदाचं बोट एका दात्यावरून फिरवलं. वर सपाट असायला हवी ती कड निमुळती, धारदार झाली होती.

“पण वस्ताद, ग्रीस भारीतलं होतं. हाय-टेंपरेचरचं.”

“इथं टेंपरेचर कुठं हाय? ग्रीस म्हणजे काय, ते आधी बघ. साबणात मुरवलेलं तेल. साबण तेलाला धरून ठेवतो आणि लागेल तसं सोडतो. पण हे दाते फिरत नाहीत. एकमेकांवर दाबून बसलेत आणि केसभर पुढं, केसभर मागं सरकतात. तेलाचा थर धरायला चाल लागती, ती इथं नाही. दाब मात्र प्रचंड. तेल पिळून निघतं, उरलेलं चाक फेकून देतं, मग लोखंडाला लोखंड.”

त्यांनी फळीवरून एक ट्यूब काढली. आतून शिशासारखी काळीभोर, चकाकणारी पेस्ट आली. “ही मॉलीची पेस्ट. मॉलिब्डेनम डायसल्फाइड. याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि लोखंडाला चिकटून राहतात. तेल निघून गेलं तरी हे जागा सोडत नाहीत. एक्सलच्या जॉइंटमध्ये आपण काळं ग्रीस भरतो, त्यात मॉली शंभरात तीन-पाच भाग असतं. अशा दात्यांना पेस्टच पाहिजे, त्यात चाळीस भाग, साठ भागसुद्धा असतं.”

दाते रॉकेलनं धुतले, ब्रशनं खाचा साफ केल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या. “जुन्या ग्रीसवर नवं घालायचं नाही. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर कधीकधी पातळ होऊन वाहतात.” मग वस्तादांनी ब्रशच्या टोकानं पेस्ट लावली, इतकी पातळ की दात्याचा आकार झाकला जाऊ नये. ब्रेक शू नवे घातले, त्याचे पैसे डॉक्टरांकडून घेतले नाहीत. दात्यांत अजून जीव होता म्हणून निभावलं. नाहीतर जर्मनीहून सुटा भाग मागवा, नाहीतर लेथवाल्याच्या हातापाया पडा, एवढंच उरलं असतं.

सदाच्या मनावर हे चांगलंच ठसलं. निळं ग्रीस मागच्या फळीवर गेलं आणि काळ्या पेस्टची ट्यूब त्याच्या खिशात आली.

थंडी सरता सरता डॉक्टरांची गाडी पुन्हा आली, या वेळी बेअरिंगांच्या कामाला. या गाडीच्या चाकात टेपर रोलर बेअरिंग असतात. ती काढून, धुऊन, पुन्हा ग्रीस भरून बसवावी लागतात. वस्ताद गिऱ्हाइकाशी बोलत होते. सहज वळून बघतात तर सदा काळी पेस्ट बोटानं रोलरांत दाबून भरतोय.

“सदा, थांब. हे काय?”

“मॉली, वस्ताद. तुम्हीच सांगितलंत.”

“कशासाठी सांगितलं?”

“दाबाला. हितंबी दाब हाय की. गाडीचं सगळं वजन हाय.”

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी बेअरिंग हातात घेतलं आणि सदाच्या डोळ्यांसमोर हळूहळू फिरवलं. “बघ. इथं काय होतंय?”

“फिरतंय.”

“कोण फिरतंय?”

सदानं नीट पाहिलं. “रोलर. एकेक रोलर स्वतःभवती फिरत पुढं जातोय.”

“आता सांग, पैलवान मालिश करून घेताना अंगाला तेल लावतो. तसाच तेलकट अंगानं हौद्यात उतरला तर पकड बसंल?”

“नाही. माती लावावी लागती.”

“रोलरचं तसंच. त्याला फिरायचं असंल तर खालच्या रिंगवर थोडी पकड पाहिजे. एवढी निसरडी घट्ट पेस्ट भरलीस तर तो फिरायचा सोडून घसरत जाईल. एका बाजूला घासून चपटा होईल. शिवाय इथं चाल हाय, तेलाचा थर धरतो. पण पेस्टमध्ये तेलच कमी. इथं आपलं साधं लिथियमचं, दोन नंबरचं बेअरिंग ग्रीस.”

“मग ते निळं चाललं असतं?”

“बेअरिंगचंच असंल तर झकास चाललं असतं. त्या ग्रीसचा काही दोष नव्हता लेका.”

सदानं ती पेस्ट रॉकेलनं धुऊन काढली. सांदीकोपऱ्यातली काढायला बराच वेळ गेला. मग फळीवरचं ग्रीस घेऊन प्रत्येक रोलरच्या मागून पुढं येईपर्यंत तळहातावर दाबून भरलं.

त्या दिवसापासून वस्तादांनी नियम केला. कुठलाही डबा उघडण्याआधी सदानं मोठ्यानं सांगायचं: इथं फिरतंय, की घासतंय? वेग किती, दाब किती, पाणी येतं का, शेजारी ब्रेक आहे का? उत्तर आलं तरच झाकण उघडायचं. पहिले काही दिवस आजूबाजूची पोरं हसली. पुढं तीच पोरं आपापल्या गॅरेजातून डबे घेऊन सदाला विचारायला येऊ लागली. सदा डब्याकडं बघायचाही नाही. “आधी पार्ट दाखव,” म्हणायचा.

तात्पर्य : चांगली वस्तू सगळीकडं चांगली ठरत नाही. जागेचं काम आधी ओळखावं, मग भाव आणि नाव बघावं. आणि वडीलधाऱ्यांनी दिलेलं उत्तर पाठ करताना ते कोणत्या प्रश्नाचं होतं, हेही विसरू नये.